पडद्यामागचा माणूस

नऊ ते तेरा वर्षांच्या वाचकांसाठी लिहिलेल्या भयरहस्यकथांचा साचा सर्वांच्या परिचयाचा आहे: पडका वाडा, रात्रीचे आवाज, दोन-तीन धीट मुले आणि शेवटी भुताच्या सोंगाआड सापडणारा कोणी लबाड. भूत खोटे ठरले की कथा संपली, असे मानून जाणते वाचक या पुस्तकांकडे पाठ फिरवतात. आमच्या मते, भुताच्या जागी शेवटी कोण उभे राहते, यावर या कथांची खरी किंमत ठरते.

ही युक्ती मुळात मोठ्यांच्या कादंबरीतली. इंग्लंडमध्ये १७९४ साली प्रसिद्ध झालेल्या ॲन रॅडक्लिफ यांच्या 'द मिस्टरीज ऑफ युडॉल्फो' या कादंबरीत नायिका एमिली काळा पडदा सारते आणि आतले दृश्य पाहून मूर्च्छित होते. आत काय होते, ते वाचकाला थेट अखेरीस कळते: मेणाची एक आकृती. भीती खरी, तिचे कारण लौकिक. परंतु मेणाच्या आकृतीला स्वतःचे दुःख नसते; म्हणून उलगडा झाल्यावर हाती काहीशी निराशाच उरते.

पुढे १७० वर्षांनी, १९६४ साली, अमेरिकेत रॉबर्ट आर्थर यांनी 'द सीक्रेट ऑफ टेरर कॅसल' लिहून 'थ्री इन्व्हेस्टिगेटर्स' ही मालिका सुरू केली. आल्फ्रेड हिचकॉक यांचे नाव मालिकेला केवळ जोडलेले होते. लेखणी आर्थर यांचीच. तिघे शाळकरी शोधक ज्या झपाटलेल्या गढीत शिरतात, ती मूकपटांच्या काळातील स्टीफन टेरिल या नटाची. पडद्यावर लोकांना घाबरवणारा हा माणूस बोलपट आल्यावर आपल्या बारीक, बोबड्या आवाजामुळे हास्यास्पद ठरला. त्याची मोटार कड्यावरून कोसळली, जग त्याला मृत समजले, आणि गढी परक्याच्या हाती जाऊ नये म्हणून तिला झपाटण्याचे काम तोच करीत राहिला. तिघांचा म्होरक्या ज्युपिटर जोन्स हाही एकेकाळचा बालनट. त्याच्या लठ्ठपणावर प्रेक्षक हसले होते, आणि हसू होणे त्याला आजही सहन होत नाही. ज्या हशाने टेरिलला गढीत कोंडले, तोच ज्युपिटरनेही सोसला आहे. येथे पडद्यामागे मेण नाही, माणूस आहे.

आर्थर १९६९ साली निवर्तले. त्याच वर्षी दूरचित्रवाणीवर 'स्कूबी-डू' अवतरले आणि मुखवटा ओढून काढणे हा दर भागाचा विधी झाला. मुखवट्याखाली आता बहुधा पैशाचा लोभी भामटा असे. त्याला पकडून देणे सोपे. त्याच्याविषयी काही वाटावे, असे कारण क्वचितच उरे.

दुसरी वाट जॉन बेलेअर्स यांनी १९७३ साली 'द हाउस विथ अ क्लॉक इन इट्स वॉल्स'मध्ये काढली. त्यांच्या कथेत जादू खरीच आहे. पोरका, एकाकी लुइस दुरावत चाललेल्या मित्रावर छाप पाडण्यासाठी स्मशानात मंत्र म्हणतो आणि नको तिला जागे करतो. संकट बाहेरून येत नाही. मैत्रीच्या भुकेतून येते. १९९२ साली आर. एल. स्टाइन यांची 'गूझबम्प्स' मालिका सुरू झाली. तिच्या पहिल्याच पुस्तकात नव्या घराच्या खिडकीत अमांडाला चेहरा दिसतो आणि आईवडील तो भास ठरवतात. भास खरा निघतो. येथे भुताइतकीच भीती, आपले कोणी ऐकत नाही, याची आहे.

भुताचा उलगडा मुलांना विवेक शिकवतो आणि खरे भूत अंधश्रद्धा, ही विभागणी म्हणूनच आम्हांस अपुरी वाटते. बेलेअर्स यांची जादू लुइसला आपल्या कृत्याची जबाबदारी घ्यायला लावते. उलट मुखवट्याखालचा भामटा मुलाला एवढेच सांगतो की, भिण्यासारखे काही नव्हते. आर्थर यांनी मात्र विवेक आणि करुणा यांची फारकत होऊ दिली नाही. त्यांच्या गढीत शिरलेला मुलगा भूत नसते हे शिकतोच. शिवाय एखादा माणूस स्वतःचे भूत का करून घेतो, हेही त्याला कळते. मुलांच्या हाती द्यावयाचे पुस्तक निवडताना आम्ही हीच कसोटी लावू.