घोडनदी, भीमा आणि बास्केटबॉलचा पावसाळी हंगाम

१/ जुलैत प्रवेश आटोपले की तालुक्याच्या महाविद्यालयात जिमखान्याच्या फलकावर निवड चाचणीची सूचना लागते. शिरूर असो वा दौंड, त्या कागदाभोवती जमणाऱ्या मुलामुलींचा प्रश्न एकच असतो: यंदा आपल्या बास्केटबॉल संघाला कितपत आशा आहे? याचे उत्तर खेळाडूंच्या उंचीत शोधण्याचा प्रघात आहे. ते या खेळाच्या इतिहासात अधिक नेमके सापडते. त्यासाठी हा धागा. थोडा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/ प्रारंभ अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे. डिसेंबर १८९१. वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयातील शिक्षक जेम्स नेस्मिथ यांच्यापुढे एक पेच होता. बाहेर कडाक्याची थंडी, मैदानी खेळ बंद आणि बंदिस्त व्यायामशाळेत कंटाळलेले १८ विद्यार्थी. त्यांना गुंतवून ठेवील असा खेळ हवा होता. नेस्मिथ यांनी १३ नियम लिहून काढले आणि सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या टांगल्या.

३/ तो कठडा जमिनीपासून १० फूट उंच होता. आज जगभर रिंगची उंची ३.०५ मीटर आहे ती त्या सज्जामुळे. पहिल्या सामन्यात प्रत्येक बाजूस नऊ खेळाडू होते आणि संपूर्ण खेळात चेंडू एकदाच टोपलीत पडला. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी: हा खेळ जन्मतःच छपराखालचा आहे. कोरडी, टणक, सपाट जमीन ही त्याची मूळ अट.

४/ दुसरी गोष्टही तितकीच महत्त्वाची. पुढच्याच वर्षी, १८९२ मध्ये, सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने स्मिथ महाविद्यालयातील विद्यार्थिनींसाठी नियमांत बदल करून हा खेळ सुरू केला. पुरुषांच्या खेळात स्त्रियांना मागाहून जागा मिळाली, अशी अनेक खेळांची कथा आहे. बास्केटबॉलची तशी नाही. मुलींचा संघ हा या खेळात पहिल्यापासून बरोबरीचा वारसदार आहे.

५/ भारतात हा खेळ वायएमसीएच्याच वाटेने आला. कलकत्त्यात १८९० च्या दशकात त्याची ओळख झाली. १९२० मध्ये हॅरी क्रो बक यांनी मद्रासला शारीरिक शिक्षणाचे विद्यालय काढले आणि तेथून शिकून निघालेल्या शिक्षकांनी तो देशभर नेला. १९३४ मध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा दिल्लीत झाली, तर भारतीय बास्केटबॉल महासंघ १९५० मध्ये स्थापन झाला.

६/ त्याच काळात महाराष्ट्रात काय चालले होते? पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात १९१४ च्या सुमारास खो-खोचे नियम बांधले जात होते. त्याच वर्षी अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला गेला. कबड्डी, खो-खो, कुस्ती हे सारे मातीतले खेळ. माती उकरावी, पाणी शिंपडावे, चुन्याच्या रेघा माराव्यात, की मैदान तयार.

७/ आता एक हिशेब पाहू. खो-खोचे मैदान २७ बाय १६ मीटर, म्हणजे ४३२ चौरस मीटर. बास्केटबॉलचे कोर्ट २८ बाय १५ मीटर, म्हणजे ४२० चौरस मीटर. जागा जवळजवळ सारखीच. तेव्हा ‘खेड्यात बास्केटबॉलला जागा नाही’ हे म्हणणे टिकत नाही. अडचण जागेची नसून पृष्ठभागाची आहे. खो-खोला माती चालते. बास्केटबॉलला चेंडू उसळवणारी जमीन लागते.

८/ ही अट किती कठोर आहे हे १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकने दाखवून दिले. बास्केटबॉलचा पदकाच्या खेळांत तेथे प्रथमच समावेश झाला. सामने मात्र उघड्यावर, टेनिसच्या मातीच्या कोर्टांवर ठेवले होते. अंतिम सामन्याच्या दिवशी पाऊस झाला, कोर्टाचा चिखल झाला आणि चेंडूचा टप्पा पडेना. अमेरिकेने कॅनडाला हरवले ते १९ विरुद्ध ८ अशा तुटपुंज्या गुणसंख्येने. खेळाचे जनक नेस्मिथ त्या ऑलिम्पिकला स्वतः हजर होते.

९/ योगायोग असा की त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवत होते. एकाच शहरात, एकाच उन्हाळ्यात, मातीतून उगवलेले खेळ आणि मातीत रुतलेला खेळ. जगातील सर्वोत्तम खेळाडूंनाही ओल्या जमिनीने जेरीस आणले, हे लक्षात ठेवून आता घोडनदी आणि भीमेच्या काठी येऊ.

१०/ शिरूरला जुनी माणसे आजही घोडनदी म्हणतात. इंग्रजी अमलाच्या आरंभी येथे लष्कराची छावणी होती. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला लढलेली तुकडी आदल्या रात्री येथूनच निघाली होती. दौंड वाढले ते रेल्वेमुळे. १८७८ मध्ये मनमाडचा लोहमार्ग येथे येऊन मिळाला आणि गाव जंक्शन झाले. पुढे राज्य राखीव पोलीस बलाचे गटही दौंडला वसले. कवायत आणि मैदान या दोन्ही गावांना नवे नाहीत.

११/ हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. येथे पाऊस एकूण कमी; मात्र जो पडतो त्याचा मोठा वाटा सप्टेंबरात, परतीच्या मार्गावर पडतो. आणि महाविद्यालयीन स्पर्धांचा भर कोणत्या महिन्यांत? पहिल्या सत्रात, बहुतांशी ऑगस्ट ते ऑक्टोबर. म्हणजे वर्षातील नऊ महिने ज्या गावात उघडे कोर्ट कोरडे ठणठणीत असते, तेथे नेमका सरावाचा काळ पावसात सापडतो.

१२/ त्यात जमिनीचा स्वभाव. नदीकाठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसते काँक्रीट ओतले तर दोन-चार वर्षांत तडे जातात. खाली मुरमाचा भक्कम थर, पाणी वाहून जाईल असा किंचित उतार आणि काँक्रीटमध्ये योग्य अंतरावर सांधे, एवढे केले तर उघडे कोर्टही पाऊस थांबल्यावर तासाभरात खेळण्याजोगे होते. नाही केले तर दोन दिवस डबके हटत नाही.

१३/ दुसरा प्रश्न शिकवणाऱ्याचा. मुंबई सरकारने १९३८ मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षण संस्था काढली. पुण्यात १९२४ पासून कार्यरत असलेल्या महाराष्ट्रीय मंडळाने १९७७ मध्ये चंद्रशेखर आगाशे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले. तालुक्यांच्या शाळांत बास्केटबॉल पोहोचला तो अशा संस्थांतून शिकलेल्या शिक्षकांच्या हातून. जेथे असा एक शिक्षक टिकून राहिला तेथे खेळ रुजला. त्याची बदली वा निवृत्ती झाली की रिंग गंजू लागली.

१४/ आता स्पर्धेची उतरंड. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले. त्याच्याशी संलग्न महाविद्यालये आधी आपापल्या विभागात खेळतात. शिरूर आणि दौंड पुणे ग्रामीणमध्ये मोडतात. शहर, नाशिक व अहिल्यानगर हे इतर विभाग. विभागातून निवडलेले खेळाडू आंतरविभागीय स्पर्धेत उतरतात. तेथून विद्यापीठाचा १२ जणांचा संघ ठरतो आणि तो पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो.

१५/ या उतरंडीची दुसरी पायरी निसरडी आहे. तेथे गाठ पडते पुण्याच्या मुलांशी, ज्यांतील अनेकांनी दहाव्या वर्षापासून क्लबच्या कोर्टावर चेंडू हाताळलेला असतो. भारतीय महिला संघाची कर्णधार झालेली शिरीन लिमये पुण्याचीच. तालुक्याचा खेळाडू मात्र बऱ्याचदा कनिष्ठ महाविद्यालयात आल्यावर प्रथम रिंगकडे पाहतो. त्याच्या पायांत खो-खोची चपळाई असते, पण हातात सात-आठ वर्षांचा सराव नसतो.

१६/ मग खेड्यातून कोणी वर येतच नाही काय? येतो. पंजाबातील बल्लो के या छोट्या गावचा सतनाम सिंग २०१५ मध्ये अमेरिकेच्या एनबीएमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय ठरला. त्याची उंची विलक्षण होती हे खरे. परंतु ती उंची कामी आली ती लुधियानाच्या अकादमीत राहण्याची सोय आणि रोजचे कोर्ट मिळाल्यामुळे. आपल्याकडे सराव संपण्याची वेळ शेवटची एसटी ठरवते. पाच वाजता तास सुटतात आणि साडेसहाला गाडी असते. त्यात सराव कितीसा होणार?

१७/ पणाला काय लागले आहे, हेही स्पष्ट सांगावे. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. रेल्वेत क्रीडा कोट्यातून भरती होते आणि महिला बास्केटबॉलमध्ये रेल्वेचा संघ देशात अनेक वर्षे अग्रेसर आहे. मात्र त्यासाठी ठरावीक दर्जाच्या स्पर्धेतील कामगिरी लागते. विभागातील चषकाने ते दार उघडत नाही. जंक्शनच्या गावात वाढलेल्या मुलीला रेल्वेची जर्सी रोज दिसू शकते, पण तिच्यापर्यंतची वाट त्या निसरड्या दुसऱ्या पायरीवरून जाते.

१८/ अलीकडे दोन गोष्टी अनुकूल झाल्या आहेत. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीला चौथ्या वर्षाचा पर्याय आला. म्हणजे उशिरा खेळू लागलेल्या मुलाला आणखी एक हंगाम मिळू शकतो. दुसरी गोष्ट तीन-तीन खेळाडूंच्या बास्केटबॉलची. टोकियो ऑलिम्पिकपासून तो पदकाचा खेळ झाला. अर्धे कोर्ट, एक रिंग, चौघांचा संघ आणि १० मिनिटांचा सामना. ज्या गावाला १२ तयार खेळाडू जमवणे जड जाते, त्याला चौघे जमवणे कठीण नाही.

१९/ तेव्हा येत्या हंगामाचे भाकीत असे. ज्या महाविद्यालयाने पाण्याचा निचरा होणारे कोर्ट राखले आहे, ज्याचे शारीरिक शिक्षण संचालक टिकून आहेत आणि ज्याने एप्रिल-मेच्या कोरड्या दिवसांत सराव घेतला आहे, त्याच्या संघाला पुणे ग्रामीणमध्ये अंतिम फेरीची आशा धरण्यास हरकत नाही. जुलैतल्या निवड चाचणीपासून सुरुवात करणाऱ्याने पहिल्या दोन फेऱ्यांपलीकडे फार अपेक्षा ठेवू नये. त्यात मुलांचा दोष नाही.

२०/ शहराच्या संघांना हरवणे एका हंगामात साधणारे नाही. पण ग्रामीण विभागातून दोन-तीन खेळाडू विद्यापीठाच्या निवड यादीत जाणे, हे माफक व मोजता येण्याजोगे उद्दिष्ट आहे. एखाद्या संघाचे यश त्यावरून जोखावे. नेस्मिथ यांनी हा खेळ हवामानावर तोड म्हणून काढला होता. आपल्याकडे त्याला अजून हवामानावर तोड मिळायची आहे. ती महागडीच असली पाहिजे असे नाही: मुरूम, उतार, एक पत्र्याचे छप्पर आणि तासभर उशिरा सुटणारी एसटी.

२१/ शिरूर, दौंड वा शेजारच्या तालुक्यांतील जुन्या संघांची छायाचित्रे, स्पर्धांचे निकाल किंवा कोर्ट बांधल्याचे साल कोणाकडे असेल तर अवश्य कळवावे. तालुक्याच्या खेळाचा इतिहास बहुधा जिमखान्याच्या कपाटात धूळ खात पडलेला असतो. तो लिहून ठेवायला हवा. धागा येथे संपवतो.