खाचेतली शर्यत

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि सनावळ्या डोळ्यांपुढे येतात. खेळण्यांना त्यात जागा नसते. पण एखादे खेळणे बाजारात बुडते आणि घरात मात्र तगून राहते, असे का व्हावे, हा प्रश्नही इतिहासाचाच आहे. विजेवर धावणाऱ्या छोट्या शर्यतीच्या मोटारी, म्हणजेच स्लॉट कार, यांची कथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मार्गात प्रत्येक गाडीसाठी एक अरुंद खाच असते. खाचेच्या दोन्ही कडांना धातूच्या पट्ट्या असतात व त्यांतून साधारणपणे १२ व्होल्टची वीज खेळते. गाडीच्या पुढच्या भागाखालची जीभ खाचेत उतरते आणि तिच्या बाजूचे तारांचे झुबके पट्ट्यांवर घासत मोटरीला वीज पोचवतात. खेळणाऱ्याच्या हाती असतो तो फक्त वेग. वळणावर तो आवरला नाही, की गाडी खाचेबाहेर उडालीच!

अमेरिकेतील लायनेल कंपनीने १९१२ साली विजेच्या शर्यती गाड्या विकायला काढल्या होत्या. पण तो प्रयत्न लवकरच थांबला. खरा जम बसला तो इंग्लंडात. मिनिमॉडेल्स कंपनीचे फ्रेड फ्रान्सिस १९५२ पासून ‘स्केलेक्स’ नावाच्या चावीच्या गाड्या विकत होते. मागणी ओसरू लागली तेव्हा त्यांनी चावी काढून विजेची मोटर बसवली आणि ‘इलेक्ट्रिक’ हा शब्द जोडून ‘स्केलेक्स्ट्रिक’ हे नाव घडवले. १९५७ च्या हॅरोगेट येथील खेळण्यांच्या प्रदर्शनात ते लोकांपुढे आले. मागणी एवढी वाढली, की १९५८ साली त्यांनी कंपनी लाइन्स ब्रदर्स या बड्या उद्योगाला विकली. अमेरिकेत १९६० पासून ऑरोरा कंपनीने आणखी लहान गाड्या आणल्या. तेथे दुकानांतून भलेमोठे मार्ग उभे राहिले व लोक वेळाच्या हिशेबाने पैसे मोजून खेळू लागले. परंतु त्याच दशकाच्या उत्तरार्धात ही लाट ओसरली आणि बहुतेक दुकाने बंद पडली. लाइन्स ब्रदर्सचा डोलाराही १९७१ मध्ये कोसळला.

खेळ मात्र मेला नाही. हौशी लोकांनी तो घरात जगवला. पेटीत मिळणाऱ्या मार्गाची वळणे कारखान्याने ठरवलेली असतात. चार-सहा रचना झाल्या की पेटी माळ्यावर जाते. म्हणून या मंडळींनी प्लायवूडच्या फळ्या घेतल्या, राउटर यंत्राने सुमारे ३ मिलिमीटर रुंदीची खाच कोरली आणि कडांना तांब्याची चिकटपट्टी लावली. आता वळण हवे तसे घेता येऊ लागले.

मग अडचणी आल्या आणि त्यांबरोबर विद्याही आली. दोन खाचांमध्ये ८ सेंटिमीटर अंतर असेल, तर मार्ग कितीही नागमोडी असला तरी एका फेरीत बाहेरची खाच आतल्या खाचेपेक्षा सुमारे ५० सेंटिमीटर लांब भरते. दोन गुणिले पाय गुणिले आठ, हे आपल्या नववी-दहावीच्या मुलांनाही काढता येईल. हा अन्याय दूर करायचा तर मध्ये पूल घालून इंग्रजी आठच्या आकड्यासारखा मार्ग करावा लागतो. मग दोन्ही खाचा सारख्या होतात. दूरच्या टोकाला वीज क्षीण पडते, म्हणून फळीखालून जाड तारा नेऊन ठिकठिकाणी जोडाव्या लागतात. पुढे गाड्यांच्या पोटात लोहचुंबक बसवण्याची पद्धत निघाली; लोखंडी पट्टीला ओढून तो गाडीला वळणावर धरून ठेवतो. पण तांब्याला चुंबक धरत नाही. त्यामुळे घरच्या मार्गावर गाडी सावरायची ती बोटाच्या अंदाजानेच. शेवटी रद्दी आणि खळ यांचे डोंगर, रंगवलेल्या भुशाचे गवत, असा साज चढतो.

दिवाळीत अंगणात किल्ला करणाऱ्या घरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. प्लॅस्टरचा तयार किल्ला बाजारात मिळतो आणि तो दिसतोही सुबक. पण बुरूज का ढासळला, हे त्यावरून मुलाला कधी कळत नाही. मुलांना खेळणे घेऊन देताना, त्यात त्यांनी करण्याजोगे काही उरले आहे ना, एवढे पालकांनी अवश्य पाहावे.