बरणीतला समुद्र

मराठवाड्याला पोवळे ओळखीचे आहे, पण ते अंगठीतले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत पोवळे आहे. पैठण आणि तेर येथील माल गाड्यांतून त्याच बंदरात जाई, असेही त्यात नोंदले आहे. पैठणहून गोदावरी पुढे परभणी जिल्ह्यात येते. म्हणजे समुद्रापासून सुमारे चारशे किलोमीटर आत राहणाऱ्या आपल्या मुलखाची प्रवाळाशी ओळख जुनी; फक्त ती मेलेल्या प्रवाळाशी. जिवंत प्रवाळ घरात ठेवण्याची खटपट जेमतेम पावणेदोनशे वर्षांची आहे.

१८४६ मध्ये अॅना थिन या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून प्रवाळ लंडनला आणले. समुद्राचे पाणी सारखे मागवणे परवडेना, तेव्हा त्यांची मोलकरीण रोज तेच पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत बसे, हवा मिसळावी म्हणून. आजच्या पंपाचे काम तेव्हा त्या मोलकरणीचे हात करीत. पुढे बरणीत समुद्रशेवाळ घातल्यावर पाणी अधिक टिकू लागले.

१८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले. पुढच्या वर्षी फिलिप हेन्री गॉस यांनी ‘द अॅक्वेरियम’ हे पुस्तक काढले आणि चार क्षार गोड्या पाण्यात मिसळून समुद्राचे पाणी करण्याची कृतीही दिली. किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यालाही समुद्र पाळण्याची वाट त्यामुळे खुली झाली. पण त्या पुस्तकांनी लागलेल्या वेडापायी हौशी लोकांनी किनाऱ्यावरची खडकांतली डबकी ओरबाडून रिकामी केली. गॉस यांचे पुत्र एडमंड यांनी १९०७ च्या ‘फादर अँड सन’ मध्ये याबद्दल खंत लिहून ठेवली आहे.

विसाव्या शतकात इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी आणखी एक गाठ सोडवली. समुद्रातले सच्छिद्र दगड टाकीत ठेवले, तर त्यांवरचे जिवाणू पाणी निर्मळ राखतात, हे त्यांनी १९६१ च्या सुमारास मांडले. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो. जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. ही साखळी बसायला महिना-दीड महिना लागतो. पहिली टाकी मांडणारा बहुधा इथेच घाई करतो आणि मासे गमावतो.

आपल्याकडे १९५१ मध्ये मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, तेव्हा परभणी हैदराबाद राज्यात होती. तारापोरवालाच्या दारातच समुद्र होता. परभणीत तो मिठातून करावा लागतो. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे शंभर लिटरच्या टाकीला साडेतीन किलो, आणि तेही स्वयंपाकाचे मीठ नव्हे. प्रवाळाला कॅल्शियम व मॅग्नेशियम लागते. बोअरचे जड पाणी आरओतून काढून घ्यावे लागते. पाणी २५-२६ अंशांवर राखायचे, आणि बाहेर मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. दुपारी वीज गेली की पाणी थंड ठेवणारे यंत्र आणि पंप दोन्ही थांबतात.

त्याहून मोठी अडचण कायद्याची आहे, आणि ती योग्यच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात २००१ पासून खडक बांधणारे प्रवाळ आहेत, म्हणजे वाघाच्याच पंक्तीत. मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. तिथला तुकडा उचलून आणणे हा गुन्हा होय. इंग्लंडचा किनारा उजाड होताना असे बंधन नव्हते.

म्हणून परभणीत पहिली खारी टाकी मांडणाऱ्याने प्रवाळाचा हट्ट सोडावा. कोरडे दगड घ्यावेत, जिवाणूंना त्यांवर वसायला वेळ द्यावा, आणि टाकीतच पैदा झालेले विदूषक मासे मागावेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांची पैदास करण्याचे तंत्र भारतात विकसित केले आहे. अशा टाकीत रंग थोडे कमी दिसतील, पण तिच्यासाठी मालवणचा एकही खडक रिकामा झालेला नसेल.