शेंगेचा दोरा

घेवड्याची भाजी करायची म्हणजे आधी शिरा काढणं आलं. शेंगेचं टोक अर्धवट मोडायचं आणि हलकेच खाली ओढायचं, की पाठीवरून हिरवा दोरा सोलून येतो. मग उलटं करून दुसरी बाजू. बाजारातल्या आजच्या फरसबीला मात्र बऱ्याचदा दोरा निघतच नाही. सुरीने कचाकच कापली की झालं. हा दोरा गेला कुठे, त्याची ही गोष्ट आहे. ती घडली अमेरिकेत, आणि वाटते तितकी साधी नाही.

आधी एक गोंधळ निस्तरू. फरसबी (‘फ्रेंच बीन’चं मराठी तोंडात झालेलं रूप), राजमा आणि सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावचा वाघ्या घेवडा, हे सगळं एकाच जातीच्या वनस्पतीचं गोत. ते मूळचं अमेरिका खंडातलं, कोलंबसानंतर जगभर पसरलेलं. वाल-पावटा त्यांच्यातले नव्हेत. वालाचे दाणे दक्षिण भारतातल्या उत्खननांत साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या थरांत सापडतात. म्हणजे ‘आपला’ वाटणारा श्रावण घेवडा हा खरा पाहुणा.

शेंगेला दोरा असतो तो आपल्याला त्रास द्यायला नव्हे. शेंग वाळली की तिच्या शिवणीतले आणि सालीतले धागे आखडतात, साल पिळली जाते आणि शेंग तडकून दाणे लांब उडतात. रानघेवडा असाच पसरतो. माणसाने हजारो वर्षं कमी तडकणाऱ्या शेंगांचं बी राखलं, तरी दोरा उरलाच. इंग्रजीत या भाजीला ‘स्ट्रिंग बीन’ म्हणत, ते त्यामुळेच.

न्यूयॉर्क राज्यात ले रॉय नावाचं एक छोटं गाव आहे. जेली-पावडरीचा प्रसिद्ध ‘जेलो’ ब्रँडही याच गावचा. तिथल्या कॅल्विन कीनी नावाच्या बियाणेवाल्याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वाफ्यांत फिरून कमी दोऱ्याची झाडं हेरली, त्यांचं बी वेगळं ठेवलं, पुन्हा पेरलं, पुन्हा निवडलं. 1894 मध्ये बर्पी कंपनीने त्याचा बिनदोऱ्याचा हिरवा घेवडा बाजारात आणला. गृहिणींनी तो उचलून धरला, आणि का धरू नये? रोज दोन वेळचं रांधणाऱ्या बाईचा अर्धा तास वाचत असेल, तर त्या अर्ध्या तासाबद्दल हळवं होण्याचा हक्क शिरा न काढणाऱ्यांना नाही.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर शेंगा तोडायला यंत्रं आली. यंत्राला वेल चालत नाही. त्याला बुटकं झुडूप हवं, सगळ्या शेंगा एकदम तयार हव्यात आणि ओरबाडल्या तरी न तुटणाऱ्या हव्यात. तशी वाणं आली. केंटकीतले बिल बेस्ट यांनी जुन्या घेवड्याची बियाणी गोळा करण्यात आयुष्याचा मोठा भाग घातला. त्यांची तक्रार नेमकी इथे आहे: साल चिवट झाल्यामुळे शेंग कोवळी, दाणा भरण्याआधीच तोडावी लागते. आणि चव नि प्रथिनं तर दाण्यात! म्हणजे आपण खातो ते नुसतं टरफल. पटत नसेल तर वालपापडी आठवा. दाणा न भरलेल्या पापडीचा उंधियो कोण करील?

बेस्ट ज्या अ‍ॅपलेशियन डोंगराळ भागातले, तिथे अजूनही भरलेल्या दाण्याची शेंग सालीसकट खातात, आणि तिचा दोरा काढतात. तिथल्या वाणांची नावंच ऐका. ‘ग्रीझी’ म्हणजे तेलकट. या शेंगेवर बारीक लव नसते, म्हणून ती तेल चोपडल्यासारखी चकाकते. ‘कट-शॉर्ट’मध्ये दाणे इतके दाटीवाटीने बसतात की एकमेकांना घासून त्यांची टोकं चौकोनी होतात, जणू कुणी कापली. उन्हाळ्यात या ताज्या शेंगा मोडून, खारवलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा टाकून मंद आचेवर दोन-तीन तास शिजवतात, वर नवे बटाटे, आणि सोबत मक्याचा पाव. फरसबी करकरीत राहिली पाहिजे असं मानणाऱ्यांना हे ऐकून धक्का बसेल. पण भरल्या दाण्याला वेळ लागतोच.

उरलेल्या शेंगा सुई-दोऱ्यात ओवून ओसरीवर किंवा चुलीमागे टांगतात. वाळून त्या सुरकुततात, म्हणून नाव ‘लेदर ब्रिचेस’, चामड्याच्या विजारी. हिवाळ्यात रात्रभर भिजवून पुन्हा तास न् तास शिजवायच्या. आपल्याकडे गवार वाळवतात, त्याचंच हे भावंड.

प्रत्येक खोऱ्याचा घेवडा वेगळा कसा राहिला? या झाडाचं फूल बहुतेक वेळा उमलण्याआधीच स्वतःच्या परागाने फळतं. शेजारच्या वाफ्यातल्या वाणाशी सहसा मिसळत नाही. त्यामुळे मूठभर बी एका घरात पाच पिढ्या जवळजवळ तसंच राहतं. लग्न होऊन जाणाऱ्या मुलीबरोबर ते जाई, स्थलांतर करणाऱ्याच्या खिशातून जाई.

कधी हाकलून दिलेल्यांबरोबरही. अमेरिकेने 1830 मध्ये कायदा केला आणि 1838-39 मध्ये चेरोकी लोकांना जॉर्जिया, टेनेसी, नॉर्थ कॅरोलायनातल्या घरांतून सैनिकांच्या पहाऱ्यात आजच्या ओक्लाहोमाकडे नेलं. सुमारे 16,000 माणसं. त्यांतली अंदाजे 4,000 थंडीने, उपासमारीने, रोगराईने मेली. ही ‘अश्रूंची वाट’. चेरोकींच्या शेतात आधी मका लावत, तो थोडा वर आला की त्याच्या बुंध्याशी घेवडा, आणि मधल्या जमिनीवर भोपळा. मका वेलाला आधार देई, घेवड्याची मुळं जमिनीत नत्र धरत, भोपळ्याची पानं ओल राखत. मक्याच्या पिठात घेवडा मिसळून, मक्याच्याच पानांत गुंडाळून उकडत. पानगी करणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. शेत सोडून जाताना बरोबर नेता येण्यासारखं होतं ते बी.

ओक्लाहोमातले चेरोकी वंशाचे दंतवैद्य जॉन वाइश यांनी 1977 मध्ये आपल्या घरातलं असं बी ‘सीड सेव्हर्स एक्स्चेंज’ या संस्थेला पाठवलं. हे दाणे पूर्वजांनी त्या वाटेवरून आणले, ही त्यांच्या घरातली आठवण. बियाण्याच्या बाबतीत घरची आठवण हीच बहुधा एकमेव नोंद असते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वालाची गावठी वाणं जपली, त्यांचंही दप्तर कागदाचं नव्हतंच.

त्या घेवड्याचं नावच आता ‘चेरोकी ट्रेल ऑफ टिअर्स’ आहे. वेल उंच चढतो, त्याला काठी लागते. हिरव्या शेंगांवर जांभळी झाक येते. कोवळ्या असताना त्यांची भाजी करावी, आणि काही शेंगा पुढच्या पेरणीसाठी वेलावरच राहू द्याव्यात. उन्हाळा सरता सरता त्या कुरकुरीत वाळतात. अंगठ्याने शिवण दाबली की आतून दाणे निघतात, चकचकीत काळे.