तळटीप : मालीतील पेरणीचे कोष्टक

* ग्रंथकाराने ‘मालीची पर्जन्यमापके’ एवढाच त्रोटक उल्लेख केला असल्यामुळे थोडा खुलासा अवश्य वाटतो. सहाराच्या दक्षिणेकडील साहेल मुलखात १९६८ नंतर पडलेल्या दीर्घ अवर्षणाने गुरे व पिके यांचा संहार केला, तेव्हा तेथील राष्ट्रांनी १९७३ मध्ये एक संयुक्त समिती नेमली व पुढील साली नायजरची राजधानी नियामे येथे कृषी, जल व हवामान यांचा एकत्र विचार करणारे प्रादेशिक केंद्र स्थापिले. पुढे १९८२ साली माली सरकारने जागतिक हवामान संघटनेच्या साहाय्याने व स्वित्झर्लंडच्या द्रव्यबळावर जो उपक्रम आरंभिला, त्याचे वैशिष्ट्य असे की, तोवर केवळ अंदाज ऐकणारा शेतकरी येथे स्वतःच निरीक्षक झाला. पाऊस उघडताच त्याने शिवारातील साध्या मापकातले पाणी मोजावे, मग पेरणीचे कोष्टक काढून पाहावे. सरत्या दहा दिवसांत ठरावीक मिलिमीटर भरले असतील तर ज्वारी-बाजरीचा नेमून दिलेला हळवा वा गरवा वाण पेरावा, नसतील तर बियाणे कणगीतच राहू द्यावे. दर दहा दिवसांनी हवामान व शेती या दोन्ही खात्यांचे जाणकार एकत्र बसत आणि त्यांचा सल्ला नभोवाणीवरून स्थानिक भाषांतून प्रसृत होई. (सरकारी खाती एका मेजाभोवती बसली, हेच आम्हांस परकीय द्रव्याहून दुर्मीळ वाटते.) तुलनेसाठी सांगावयाचे तर, आपल्याकडे पुण्यास कृषिहवामानशास्त्राची शाखा डॉ. एल. ए. रामदास यांच्या देखरेखीखाली १९३२ सालीच निघाली होती. — संपादक