छोट्या लाइनीचं गाव

पूर्णा जंक्शन नदीमुळे झालं, असं आजोबा ठामपणे सांगायचे. कोळसा कुठूनही वॅगन भरून आणता येतो, पाणी मात्र जागेवर लागतं, हा त्यांचा हिशेब. एकीकडे परभणी, दुसरीकडे नांदेड, दोन्ही पूर्णेपेक्षा मोठी. तरी इंजिनं विसावायची ती मधल्या या नदीकाठच्या गावात. नदीचं पाणी ओढून उंच टाकीत चढवायचं, तिथून फलाटाच्या टोकाच्या लोखंडी खांबापर्यंत आणायचं आणि खांबाची जाड नळी इंजिनाच्या टेंडरवर वळवायची. "पाण्याबगर इंजिन म्हंजी नुस्तं लोखंड," ते म्हणायचे. आयुष्य फूटप्लेटवर काढलेल्या माणसाचं हे मत मी खरं मानतो.

मनमाड ते सिकंदराबाद ही हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेची लाइन १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्यानं सुरू झाली. लांबी ३९१ मैल, रुळांमधलं अंतर एक मीटर, म्हणून ही छोटी लाइन. मराठवाड्यात पहिला रूळ पडत होता तेव्हाच देशावर मोठा दुष्काळ पसरला होता. पणजोबा भरावाच्या मातीकामावर होते, ही आमच्या घरातली सगळ्यात जुनी रेल्वेची गोष्ट. त्यांना मजुरी पैशात मिळायची की ज्वारीत, यावरून आजोबा आणि त्यांचे थोरले भाऊ म्हातारपणीही वाद घालत. दोघांचं एकमत एवढ्यावरच होतं, की त्या साली घर जगलं ते रेल्वेच्या मातीवर. १९१२ मध्ये पूर्णेहून हिंगोलीकडे फाटा निघाला आणि गाव खऱ्या अर्थानं जंक्शन झालं.

त्याआधी कापूस, धान्य, मीठ यांची वाहतूक व्हायची ती लमाणांच्या तांड्यांवर आणि बैलगाड्यांवर. रेल्वे आली आणि तांड्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा बसला. रेल्वेच्या कौतुकात हे बहुतेक वेळा सुटून जातं. सेलू, मानवत, परभणीला जिनिंग-प्रेसिंग वाढलं, गाठी गाडीत चढू लागल्या, आणि मनमाडला पोचल्या की सगळं थांबायचं. तिथून पुढं जास्त रुंद रुळांची मोठी लाइन. छोट्या लाइनीच्या डब्यातली प्रत्येक गाठ हमालाच्या पाठीवरून दुसऱ्या गाडीत. हा खोळंबा मराठवाड्यानं जवळजवळ शंभर वर्षं सोसला.

निजाम सरकारनं १९३० मध्ये ही रेल्वे कंपनीकडून आपल्या ताब्यात घेतली. त्यानंतर काही वर्षांनी आजोबा शेडमध्ये खलाशी म्हणून लागले. पगार निजामाच्या हाली रुपयात. मनमाडला निजामाची हद्द सुटली की ब्रिटिशांचा कलदार लागायचा, आणि शंभर कलदारांना एकशे सोळा-सतरा हाली मोजावे लागत. आजोबांचे साहेब उर्दूत बोलत, फोरमन तेलुगू, फायरमन कुणी मराठी, कुणी तेलंगणातला. शिव्या सगळ्यांच्या सामाईक. आजी कधी शाळेत गेली नाही, पण शेजारणींच्या संगतीनं तिला तेलुगू बोलता यायचं आणि उगादीला आमच्याकडे त्यांच्या पद्धतीची चिंचेची पचडी व्हायची. महत्त्वाचं म्हणजे गावकुसाबाहेर ठेवलेल्या घरांतली माणसंही इथं महिन्याच्या पगाराला लागली. जमिनीचा तुकडा नसलेल्या बापाची मुलं रेल्वेच्या पगारावर शिकली. पूर्णेत पुढं आंबेडकरी चळवळ एवढी घट्ट रुजली, त्यात या पगाराचा वाटा मोठा आहे, असं मला वाटतं.

आजोबा इंजिनावर गेल्यापासून ड्यूटी सांगायला रात्री कॉलमन यायचा. हातात कंदील, काखेत वही. दाराची कडी वाजवून नाव घ्यायचा, गाडी सांगायचा. आजोबा उठून वहीत सही करायचे. सही झाली की ड्यूटी सुरू. ते तोंड धुऊन कपडे करेपर्यंत आजीनं चूल पेटवलेली असायची. ज्वारीच्या भाकरी, कोरडं पिठलं, लाल ठेचा, कांदा, सगळं फडक्यात बांधून पत्र्याच्या लाइन-पेटीत जायचं. पेटीत आणखी लुगड्याचा एक तुकडा असे, घाम पुसायला.

आजोबांच्या डाव्या हातावर कोपराच्या आत एक काळा डाग होता. आम्हा मुलांना तो भाजल्याचा वाटायचा. तो होता गोळ्याचा. लाइन एकेरी, समोरून गाडी येऊ नये म्हणून प्रत्येक दोन स्टेशनांच्या मधल्या तुकड्यासाठी यंत्रातून एक लोखंडी गोळा निघायचा. तो गोळा हातात असल्याशिवाय ड्रायव्हरनं पुढं जायचं नाही. न थांबणाऱ्या गाडीला तो वेताच्या मोठ्या कड्याला पिशवीत अडकवून देत. पॉइंट्समन फलाटावर कडं उंच धरून उभा, इंजिनावरचा माणूस बाहेर झुकलेला, गाडी धावती. कडं थेट हातात ओवलं जायचं आणि त्याच झटक्यात मागच्या तुकड्याचं कडं खाली फेकायचं. मिरखेल, पिंगळी, चुडावा, लिंबगाव, प्रत्येक ठिकाणी तो फटका हातावर बसायचा. हजारो माणसं झोपेत सुखरूप घरी गेली ती त्या फटक्याच्या भरवशावर.

शेडच्या मागं राखेचा डोंगर असे. पहाटे बाया टोपल्या घेऊन राखेतून अर्धे जळालेले कोळसे वेचत. गावातल्या कितीतरी चुली त्यावर पेटत. माझ्या आजीनंही सुरुवातीच्या वर्षांत ते वेचले होते. ती ते लपवत नसे.

स्टेशनातून पुढं जायला ट्राम मात्र आमच्या नशिबात नव्हती. मुंबईत १८७४ मध्ये ती घोड्यांवर सुरू झाली, १९०७ मध्ये विजेवर आली आणि ३१ मार्च १९६४ ला बंद पडली. आजोबांनी ती एकदाच पाहिली होती. परभणीला स्टेशनाबाहेर टांगे, मानवत रोडला तर टांग्याशिवाय गतीच नव्हती, कारण स्टेशन एकीकडे आणि मानवत गाव दुसरीकडे. पण एक गोष्ट आमच्याकडे वेगळी घडली. १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वेनंच २७ गाड्यांनिशी बससेवा सुरू केली. रूळ आणि रस्ता एकाच खात्याकडे! गाडीची वेळ पाहून बस सोडता येते ही साधी गोष्ट तेव्हाच्या माणसांना सुचली होती. आज परभणीच्या स्टँडवर ताटकळताना मला तिची फार आठवण येते.

आजीचा खरा प्रवास गंगाखेडचा. परभणीहून परळीची गाडी धरायची, गोदावरीच्या पुलावर नाणं टाकायचं, जनाबाईच्या गावात उतरून गंगेत बुडी मारायची, जमलं तर पुढं वैजनाथाला. आजोबांच्या अस्थीही तिनं त्याच गाडीनं गंगाखेडला नेल्या.

मोठी लाइन यावी म्हणून गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेनं वर्षानुवर्षं लढा दिला. तो लढा बरोबरच होता. नव्वदच्या दशकात मनमाडकडून एकेक टप्पा रुंद होत आला, मनमाडची हमाली संपली, मुंबईची गाडी थेट दारात आली. पण पूर्णेचा पोटाचा धंदा छोट्या लाइनीचा होता. वाफ आधीच गेली होती, आता शेडही गेलं. नदीचं पाणी मागणारं कुणी उरलं नाही. २००३ मध्ये रेल्वेचा नवा विभाग झाला तो नांदेडला. माणसांच्या बदल्या झाल्या, क्वार्टरांच्या रांगा ओस पडल्या, दारांच्या चौकटीसुद्धा लोकांनी काढून नेल्या. ज्या गावानं इतकी वर्षं रेल्वेला माणसं दिली, त्या गावाला बदल्यात काहीतरी काम द्यायला हवं होतं. एखादा कारखाना, एखादी प्रशिक्षण शाळा. ही मागणी पूर्णेची माणसं अजून करतात आणि ती न्याय्य आहे.

२००८ मध्ये पूर्णा–अकोला मार्गही रुंद झाला. अकोल्याहून खंडव्याकडे जाणाऱ्या मार्गावर मात्र गाडं अडलं. मेळघाटच्या वाघांच्या जंगलातून नवी लाइन नेऊ नये असं ठरलं, वळसा घालून न्यायचं ठरलं, आणि तो वळसा अजून व्हायचा आहे. जंगलाबद्दलचा निर्णय मला पटतो. माझ्या आत्याला पटत नाही. ती खंडव्याला दिलेली. कधीकाळी जयपूरला जाणारी मीनाक्षी एक्स्प्रेस पूर्णेहून धरली की तिला गाडी न बदलता सासरी उतरता यायचं. आता बहुतेकदा अकोल्याला उतरायचं, भुसावळच्या बाजूनं फिरायचं, दोन गाड्यांची तिकिटं काढायची. "लाइन मोठी केली अन् माहेर लांब नेलं," असं ती प्रत्येक दिवाळीला म्हणते आणि तरी येते.