औषधी अळंबी

औषधी अळंबी : रोगनिवारक गुणांसाठी वापरल्या जाणाऱ्या कवकांचा वर्ग. फणसाच्या खोडावर वाढणारा, लाकडाप्रमाणे कठीण व तपकिरी ‘फणसोंबा’ (फेलिनस प्रजाती) सहाणेवर पाण्यात उगाळून मुलांच्या अतिलालास्रावावर त्याचा लेप हिरड्यांस लावण्याचा रिवाज पश्चिम महाराष्ट्रात पूर्वापार आहे. जपानमध्ये शिताके अळंबीतील लेंटिनान ही बहुशर्करा कर्करोगाच्या उपचारांस पूरक म्हणून वापरात आली; तथापि प्रयोगशाळेत दिसलेला गुण रुग्णाच्या ठायी उतरेलच असे नाही. रेशी या औषधी अळंबीमुळे रक्तस्रावाची प्रवृत्ती वाढू शकते, म्हणून रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी ती वैद्यकीय सल्ल्यावाचून वर्ज्य मानावी. पावसाळ्यातील अनोळखी अळंबी खाऊ नये. कारण अमानिटा फॅलॉइडिस या जातीचे यकृतघातक विष शिजवल्यानेही नष्ट होत नाही आणि त्याची लक्षणे बहुधा ६ ते २४ तासांनी प्रकटतात.